चाकांवरचा चौका आणि वजनाचा काटा

बार्शीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षे आडत सांभाळून दुकान पुतण्याच्या हाती सोपविलेले एक गृहस्थ गेल्या वर्षी एप्रिल महिन्यात सपत्नीक अमेरिकेस मुलाकडे गेले. घरात लहानथोर सारेच त्यांना भाऊ म्हणतात आणि त्यांच्या पत्नीला बाई. मुलगा ओहायो राज्यात क्लीव्हलंडच्या एका उपनगरात राहतो. संगणक अभियंता आहे. भाऊ-बाईंची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही खेपांत त्यांनी अमेरिका पाहिली ती बहुतांशी मुलाच्या घराच्या खिडकीतूनच. दोघांचाही रात्रिभोजनाचा त्याग आहे, कंदमूळ वर्ज्य आहे, पाणी गाळल्यावाचून चालत नाही. हमरस्त्यावरच्या उपाहारगृहांत कांदा-बटाटा वगळून मागावे तर पाव आणि सॅलडची पाने उरतात, आणि तीही कोणत्या भांड्यात हाताळली हे कळत नाही. मागच्या खेपेस नायगाऱ्याचा धबधबा पाहावयास गेले, तेव्हा बाईंनी दोन दिवस खाकरा, मुरमुरे आणि केळी यांवर काढले व परत येताना, "पुन्हा मला कुठं नेऊ नका," असे सांगून टाकले.

मुलाच्या मनाला ते लागून राहिले. त्याने व सूनबाईंनी दोन वर्षे पैसे बाजूला टाकून २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचे लहानसे घरच. स्वयंपाकाचा ओटा, गॅस, फ्रीज, निजावयाच्या जागा, न्हाणीघर, पाण्याची टाकी, सर्व काही आत. त्याला स्वतःचे इंजिन नसते. पिकअप गाडीच्या मागे जोडून तो ओढून न्यावयाचा. बाईंनी आत पाऊल टाकताच आधी ओटा पाहिला, मग ओट्याखालचे कप्पे एकेक करून उघडले, आणि "इथं माझा चौका बसेल," असे म्हणून संमती दिली. भाऊ मात्र आत गेलेच नाहीत. ते पिकअप आणि ट्रेलर यांच्या मधल्या लोखंडाकडे पाहत उभे राहिले होते. "एवढं सगळं घर या एका गोळ्यावर?" एवढेच त्यांनी विचारले.

प्रश्न नेमक्या जागी होता. ट्रेलरच्या पुढे त्रिकोणी लोखंडी सांगाडा असतो. त्याचे टोक पिकअपच्या मागे बसविलेल्या पोलादी गोळ्यावर, म्हणजे बॉलवर, टेकते. ट्रेलरचा पुष्कळसा भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतो, पण काही भार या बॉलवर येतो. त्याला तिकडे टंग वेट म्हणतात. ज्यांनी बाजाराच्या दिवशी बैलगाड्या भरताना पाहिल्या आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. पोती पुढे फार झाली तर जू बैलांच्या मानेवर बसते. मागे फार झाली तर गाडी उलाळते आणि जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याशी ओढ बसते. गाडीवान म्हणूनच शेवटची दोन पोती कोठे टाकावयाची ते जू हाताने उचलून पाहून ठरवीत असे. ट्रेलरचे गणित तेच आहे, फक्त बैलांच्या जागी पिकअप आली. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर असावा असा तिकडचा सर्वमान्य दंडक आहे. त्याहून कमी असेल तर ट्रेलर शेपटी हलविल्यासारखा डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. आणि प्रमाण बरोबर असले तरी एवढा भार पिकअपच्या अगदी शेवटच्या टोकावर पडल्याने तिची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात. गाडी वळवावयाची ती पुढच्या चाकांनी, ब्रेकचा मोठा वाटाही त्यांचाच; तीच हलकी झाली तर चालकाच्या हाती काय राहिले?

यासाठी वेट डिस्ट्रिब्युशन हिच नावाची जोडणी असते. बॉलच्या खालून निघालेल्या दोन लवचीक पोलादी दांड्या मागे ट्रेलरच्या सांगाड्यापर्यंत जातात आणि तेथे साखळीने किंवा कंसावर ताणून बसविल्या जातात. ताण बसला की त्या तरफेचे काम करतात. पिकअपच्या मागच्या अंगाला दोन मुठी बसवून कोणी ती किंचित वर उचलून धरावी, तसा परिणाम होतो. मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांवर जातो, काही मागे ट्रेलरच्या चाकांवर जातो. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर ही नवी जमा नव्हे आणि खर्चही नव्हे. एका खात्यातून काढून दुसऱ्या दोन खात्यांत वर्ग केलेली रक्कम आहे. एकूण बेरजेतून एक पाउंडही कमी होत नाही. ही साधी गोष्ट न समजल्यामुळे पुष्कळ लोक भलत्या भरवशावर राहतात, आणि या कुटुंबाचेही प्रथम तसेच झाले.

ट्रेलर ज्याच्याकडून घेतला त्या विक्रेत्याने हिचही दिली. माहितीपत्रकात ट्रेलरचे कोरडे वजन ५,२०० पाउंड आणि टंग वेट ५२० पाउंड छापलेले होते. त्यावरून ६०० पाउंड क्षमतेच्या दांड्यांची, साखळ्यांवर ताणावयाची, साधी हिच त्याने निवडली, रिकाम्या ट्रेलरला आपल्याच आवारात अर्ध्या तासात जोडून दिली आणि हस्तांदोलन केले. कोरडे वजन म्हणजे ट्रेलर कारखान्यातून निघतो तेव्हाचे, पाण्याचा थेंब आणि धान्याचा दाणा आत नसतानाचे वजन. त्यात खोटे काही नव्हते. पण त्या वजनाचा ट्रेलर घेऊन सहलीला कोणी जात नाही, हे विक्रेत्याने सांगितले नाही आणि मुलाने विचारले नाही.

मे महिन्याच्या अखेरच्या जोडसुट्टीत ईरी सरोवराच्या काठच्या एका उद्यानात जावयाचे ठरले. बाईंनी ट्रेलर भरला तो बार्शीहून लग्नाला निघाल्यासारखा. तांदूळ, गहू, तूर आणि मूग यांचे स्टीलचे डबे, तुपाची बरणी, पितळी पातेली, पोळपाट-लाटणे, सारे काही मागच्या भल्यामोठ्या कपाटात व्यवस्थित लागले. पाणी बाहेरचे नको म्हणून घरी गाळलेल्या पाण्याने टाकी काठोकाठ भरली. टाकी ४० गॅलनची, आणि ती मागच्या पलंगाखाली. पाण्याचा एक अमेरिकन गॅलन साडेआठ पाउंडांच्या जरासा खाली भरतो. म्हणजे केवळ पाणीच तीनशे तीस पाउंडांहून अधिक, दीडशे किलो. मुलाने पिकअपच्या हौद्यात जनरेटर आणि शेकोटीची लाकडे टाकली.

पहिले चाळीस मैल उत्तम गेले. मग आय-९० महामार्गावर, सरोवराकडून आडवा वारा सुटलेला असताना, एक लांबलचक मालट्रक डावीकडून पुढे निघाला. त्याच्या पुढ्यातल्या हवेने ट्रेलर आधी बाहेर ढकलला आणि ट्रक पुढे जाताच आत ओढला. एक झोका, मग त्याहून मोठा दुसरा, मग तिसरा. पिकअपची शेपटी ट्रेलरबरोबर फिरू लागली. नात किंचाळली. बाईंच्या ओठांवर नवकार होता, पण आवाज उमटत नव्हता. मुलाने एक गोष्ट योग्य केली, आणि तिच्यामुळेच सारे आज सुखरूप आहेत: त्याने पिकअपचा ब्रेक दाबला नाही. पाय पेट्रोलवरून उचलला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवले आणि डॅशबोर्डखालच्या कंट्रोलरची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले. मागून ओढ बसताच ट्रेलर सरळ झाला. गाडी कडेला थांबली तेव्हा आतल्या कपाटाचे दार उघडून मुगाचा डबा सांडला होता, एवढेच नुकसान. कोणी कोणाशी बोलले नाही. पुढच्या फाट्याला वळून ताशी चाळीस मैलांनी ते घरी आले.

त्या रात्री मुलाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शेजारचे एक अमेरिकन गृहस्थ, वीस वर्षे ट्रेलर बाळगणारे, अंगणात आले आणि हिचच्या जाती सांगू लागले. ज्यांच्यात झोके आवरण्याची सोय नसते अशा साध्या दांड्या. त्यांना बाजूने वेगळी लावावयाची घर्षणाची पट्टी, जी गाडी मागे घेण्यापूर्वी काढून ठेवावी लागते. ज्यांच्यात दांड्याच कंसांवर घट्ट घासून झोक्याला विरोध करतात अशा एकत्रित हिच. आणि सर्वांत वर हेन्सले यांनी शोधलेल्या धर्तीची, जिच्यात जोडसळ्यांच्या रचनेमुळे ट्रेलर जणू पिकअपच्या मागच्या आसाजवळ जोडला असल्याप्रमाणे वागतो. ही शेवटची झोक्यांवर अतिशय गुणकारी, पण किंमत साध्या हिचच्या कितीतरी पट. मुलाचे मन तिच्यावर बसले. आई-वडील आणि मुलगी गाडीत बसणार असताना पैशाकडे पाहावयाचे नाही, असे तो म्हणाला. शेजाऱ्यांचे मत, निदान १,४०० पाउंडांच्या दांड्या तरी घ्याव्यात; भक्कम वस्तू कधी वाया जात नाही.

भाऊ इतका वेळ ऐकत होते. त्यांनी मुलाला विचारले, "गाडी काट्यावर घातली होती का?"

"नाही भाऊ. पण सगळे आकडे माहितीपत्रकात आहेत."

"ते विकणाऱ्याचे आकडे. आपले कुठे आहेत?"

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान हा एक आहे. देताना कमी आणि घेताना जास्त मोजू नये, हे आडतीच्या धंद्यात उतरलेल्या प्रत्येक जैन मुलाला बाराखडीबरोबर शिकविले जाते. भाऊंच्या दुकानात रोज सकाळी पहिले पोते चढण्याआधी तोलाराकडून काट्याचा पासंग तपासून घेतला जाई. कडता म्हणून पोत्यामागे धान्य कापण्याची रीत त्यांनी आपल्या दुकानात चालू दिली नाही, त्यापायी दोन मोठे खरेदीदार गमावले तरी. दुसऱ्याच्या मालाचे वजन चाळीस वर्षे चोख करणाऱ्या माणसाच्या घरी, स्वतःची माणसे बसावयाच्या गाडीचे वजन कोणी केले नव्हते. भाऊंना हे खटकले, आणि त्यांनी ते बोलून दाखविले.

अमेरिकेत ट्रकचालकांसाठी महामार्गावरच्या ट्रक-थांब्यांवर वजनकाटे असतात. कॅट स्केल या नावाचे काटे तेथे सर्वत्र दिसतात, आणि थोडे डॉलर दिले की खाजगी गाडीलाही वजन करून मिळते. आपल्याकडच्या काट्यावर सर्व गाडीचे मिळून एकच वजन येते. तेथे पट्टे वेगवेगळे असल्याने पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांची वजने एकाच चिठ्ठीवर निरनिराळी छापून येतात. भाऊंना ही सोय इतकी आवडली की त्यांनी ती चिठ्ठी उन्हात धरून दोनदा वाचली. सर्व माणसे आपापल्या जागी, पेट्रोल पूर्ण, सामान त्या दिवशी होते तसेच, अशी पहिली वजने झाली. नातीने ती वहीत उतरवून घेतली. पाउंड म्हणजे आपला जुना रत्तल, हे आजोबांनी तिला तेव्हाच शिकविले.

नुसती पिकअप, पाच माणसांसह: पुढचा आस ३,१२०, मागचा २,८८०, एकूण ६,००० पाउंड. ट्रेलर जोडून, दांड्या न ताणता: पुढे २,९६०, मागे ३,४८०, एकूण ६,४४०. म्हणजे पिकअपवर वाढलेला भार, म्हणजेच टंग वेट, ४४० पाउंड. ट्रेलरच्या चाकांवर ६,०६०. तेव्हा ट्रेलरचे खरे वजन ६,५००. माहितीपत्रकातल्या ५,२०० वर १,३०० पाउंडांची भर, आणि तरी टंग वेट छापलेल्यापेक्षाही कमी! साडेसहा हजारांस चारशे चाळीस हे प्रमाण सात टक्क्यांनाही पोहोचत नव्हते. गाडी उलाळली होती. पाणी मागे, धान्य मागे, पितळी भांडी मागे. बाईंनी मन लावून रचलेले ते कपाटच शेपटी होऊन झोके देत होते.

या चिठ्ठीत आणखी एक बोध दडलेला होता, आणि तो भाऊंच्याही लगेच ध्यानात आला नाही. पिकअपच्या चालकाच्या दारापाशी एक लहान चिठ्ठी चिकटविलेली असते. माणसे आणि सामान मिळून गाडीवर किती भार चालेल, तो आकडा तिच्यावर असतो. या गाडीचा १,६४० पाउंड होता. बॉलवरचा भारही त्यातच धरावयाचा, हिचच्या लोखंडाचे वजनही त्यातच. ही पिकअप नऊ हजार पाउंड ओढते असे जाहिरातीत म्हटले होते आणि ते खरे होते. पण ओढण्याची ताकद आणि पाठीवर वाहण्याची मर्यादा हे दोन वेगळे हिशेब आहेत. सामान पुढे सरकवून टंग वेट वाढविले की झोके थांबतील, पण तोच वाढलेला भार पिकअपच्या या मर्यादेतून वजा होईल. एका खात्यातली तूट भरून काढताना दुसऱ्या खात्यात ती उघडी पडते, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

मग दोन दिवस अंगणात फेरमांडणी चालली. धान्याचे व भांड्यांचे डबे, सुमारे १८० पाउंड, मागच्या कपाटातून काढून पुढच्या कप्प्यांत हलविले. बाईंना ते मुळीच रुचले नाही. पुढचा कप्पा ओट्यापासून चार पावले दूर आहे आणि पोळ्या करताना चार वेळा उठावे लागते, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो रास्तच होता. पाण्याबद्दल सूनबाईंनी तोड काढली: टाकी एक तृतीयांशच भरावयाची, मुक्कामाला पोहोचल्यावर तेथले पाणी गरणीने गाळून बाकीची भरून घ्यावयाची. "गाळायचं तर आहेच, इथं गाळलं काय नि तिथं काय," असे बाईच शेवटी म्हणाल्या. हौद्यातला जनरेटर घरी राहिला. लाकडांचा प्रश्न निघालाच नाही. सरपणातून अ‍ॅशच्या झाडांना मारणारी कीड एका प्रदेशातून दुसऱ्यात पसरते म्हणून लाकूड दूर नेऊ नये, अशा सूचना तिकडे जागोजागी लावलेल्या असतात. आणि बाईंनी तर पहिल्याच दिवशी त्या ओंडक्यांच्या सालीत जीव फिरताना पाहिले होते. शेकोटी कायमची रद्द झाली.

पुन्हा काट्यावर. नुसती पिकअप आता ५,८०० पाउंड. ट्रेलर ६,२८०, टंग वेट ७८०. म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या आसपास, जेथे असावयास हवे तेथे. दाराच्या चिठ्ठीशी ताळा घातला. माणसे ६६० (प्रत्येकाला घरातल्या काट्यावर उभे केले होते, बाई उभ्या राहिल्या, पण आकडा मोठ्याने वाचू दिला नाही), हिच ९०, किरकोळ ५०, टंग वेट ७८०, बेरीज १,५८०. मर्यादा १,६४०. साठ पाउंड शिल्लक. भाऊंनी त्या साठांखाली दोन रेघा ओढल्या आणि, "यात कुणी काही टाकायचं नाही," असे घरात जाहीर केले. नातीची सायकल त्या दोन रेघांमुळे मागे राहिली, याचा रुसवा तिने दोन दिवस धरला.

आता कोठे हिच निवडावयाची वेळ आली, आणि ती निवड आश्चर्य वाटावे इतकी सोपी झाली. पिकअपच्या ज्या चौकोनी नळीत हिच बसते तिच्यावर दोन मर्यादा छापलेल्या होत्या: साध्या जोडणीने बॉलवर ५०० पाउंड, भार वाटणाऱ्या हिचने १,०००. तेव्हा ७८० साठी भार वाटणारी हिच ऐच्छिक उरलीच नव्हती. विक्रेत्याने दिलेल्या ६०० च्या दांड्या अपुऱ्या. त्या परत केल्या आणि काही रक्कम सोडून द्यावी लागली. शेजाऱ्यांनी सुचविलेल्या १,४०० च्या दांड्या गरजेहून ताठ. त्या पुरेशा वाकत नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका सरळ ट्रेलरच्या सांगाड्याला देतात. ८०० च्या दांड्यांत हाती वीसच पाउंड उरत होते. म्हणून १,००० च्या, आणि कंसांवर घासून झोके आवरणाऱ्या एकत्रित जातीची हिच ठरली. हेन्सले धर्तीच्या महागड्या हिचविषयी भाऊंचे मत वेगळे होते आणि ते पुढेही बदलले नाही. ती वाईट नाही, कदाचित सर्वांत चांगली असेल; पण मागे भरलेल्या ट्रेलरला ती लावली असती तर झोका दिसला नसता आणि चूक तशीच राहिली असती. मुलाने यावर बराच वाद घातला. दोन्ही करू, भारही नीट लावू आणि हिचही ती घेऊ, हा त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. शेवटी सूनबाईंनी घरच्या हप्त्यांची यादी पुढे ठेवली तेव्हा वाद मिटला.

दांड्या किती ताणावयाच्या हे ठरविण्याची रीत साधी आहे. पिकअपच्या पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासूनची उंची आधी मोजावयाची, ट्रेलर जोडल्यावर ती किती वाढली ते पाहावयाचे, आणि ती वाढ निदान निम्मी उतरेल इतका ताण द्यावयाचा. अनेक उत्पादकांच्या पुस्तिका असेच काहीसे सांगतात. काही गाड्यांत वाढ पूर्ण उतरवा असे असते, तर काही गाड्यांना ही हिच लावूच नये असेही असते, म्हणून आपल्या गाडीचे पुस्तक वाचावे हे बरे. फार ताणले की मागची चाके हलकी पडून ओल्या वळणावर गाडीचे बूड सरकू शकते. मुलाने पट्टीने मोजून ताण दिला, आणि तिसऱ्यांदा गाडी काट्यावर गेली.

त्या दिवशीच्या दोन चिठ्ठ्या भाऊंनी बार्शीला परत येताना बरोबर आणल्या आहेत. दांड्या सैल असताना: पुढे २,८२०, मागे ३,७६०, ट्रेलर ५,५००. दांड्या ताणल्यावर: पुढे २,९८०, मागे ३,४९०, ट्रेलर ५,६१०. मागच्या आसावरून २७० पाउंड उचलले गेले. त्यांतले १६० पुढे आले, ११० ट्रेलरच्या चाकांवर गेले. जोडणीने पुढच्या चाकांचा जो ३०० पाउंड भार हिरावला होता, त्यातला निम्म्याहून अधिक परत मिळाला. दोन्ही चिठ्ठ्यांची बेरीज १२,०८०. नातीने ती तीन वेळा करून पाहिली, कारण इतके सारे हलवूनही ती बदलत कशी नाही हे तिला पटत नव्हते. भाऊंनी तिला दुकानातली गोष्ट सांगितली: गल्ल्यातली रक्कम पेढीत भरली तर दुकान श्रीमंत होते का, आणि गरीब तरी होते का?

बाईंना चातुर्मास लागण्यापूर्वी यात्रा करावयाची होती. जूनच्या मध्यावर एका शनिवारी, नवकारशी पाळून, सात वाजता ते न्यू जर्सीतील ब्लेअर्सटाउनजवळच्या सिद्धाचलमला निघाले. आचार्य सुशीलकुमारजींनी १९८३ साली स्थापिलेले हे तीर्थ शंभराहून अधिक एकरांच्या डोंगराळ रानात आहे. सम्मेद शिखरजीची रचना तेथे उभारल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, भारतातून आलेल्या वडीलधाऱ्यांना मुले आवर्जून तेथे नेतात. अंतर चारशे मैलांच्या आसपास, बहुतेक आय-८० महामार्गाने, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांतून. त्या राज्याच्या मध्यावर रस्त्याकडेला एक पाटी आहे: मिसिसिपीच्या पूर्वेस आय-८० ची ही सर्वांत उंच जागा, २,२५० फूट. तेथून पुढे लांब उतार लागतो. मुलाने वेग साठाच्या वर जाऊ दिला नाही. मागून एक मालट्रक आला, बाजूने गेला. मुलाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले होते. पिकअप जराशी हलली, हवेच्या धक्क्याने कोणतीही गाडी हलते तेवढी. ट्रेलर मागोमाग सरळ येत राहिला. दुसरा ट्रक गेला, तिसरा गेला. पाचव्यानंतर नातीने मोजणे सोडून दिले आणि ती झोपली.

दर थांब्याला मुलगा उतरून दांड्या, साखळ्या आणि चाके पाहून येई. भाऊही मागोमाग उतरत, आणि हाताने दांडीचा ताण चाचपीत. त्याचा उपयोग काही नव्हता, पण त्यांना कोणी अडविले नाही.

डेलावेअर नदीच्या अलीकडे एका कॅम्पग्राउंडवर मुक्काम ठरला होता. ते पोहोचले तेव्हा साडेसहा वाजत आले होते. त्या दिवसांत तिकडे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. मुलाने नळी जोडली, सूनबाईंनी गरणे धरले, टाकीत पाणी पडू लागले. बाईंनी पुढच्या कप्प्यातून गव्हाच्या पिठाचा डबा काढला, चार पावले चालत ओट्यापाशी आणला आणि कणीक मळावयास घेतली.